अनुभव धागा: ऑक्टोबरातली डोंगरवाट आणि मागं राहिलेली माणसं

रानजाई
काल भाजी आणायला गेले तर गाड्यावर सीताफळं आलेली. डोळे उघडलेलं एक उचलून वास घेतला आणि १९९८ सालचा वेताळवाडीच्या किल्ल्याचा डोंगर समोर उभा राहिला.

दसरा होऊन गेलेला. कॉलेजचे आम्ही बावीस जण. एसटीनं उंडणगाव, पुढं हळद्याच्या घाटात. पाऊस उघडून पंधरा दिवस झालेले, ऊन असं की डोक्यावरची ओढणी तापायची. गवत कमरेएवढं, वाळायला लागलेलं. चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, पाय मुरगळला. "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच," म्हणाले आणि सगळे खरंच पुढं गेले.

पाऊण तास मी एकटी. हाका मारल्या, माझाच आवाज परत आला. रडू फुटलं तेवढ्यात एक मावशी आल्या, डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा. भारा खाली टाकला, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कॅनमधलं पाणी दिलं. कोण, कुठली, काही विचारलं नाही. समोर बसल्या आणि माझ्या सलवारीत घुसलेली कुसळं एकेक काढायला लागल्या. "टोक जिकडं, तिकडंच वढायचं लेकी. उलटं वढलं की तुटून आत ऱ्हातंय." मग पदराच्या गाठीतनं दोन सीताफळं निघाली.

मला शोधत पोरं परत येईस्तोवर त्या हलल्या नाहीत. घरी जनावरं वाट बघत असणार. आणि मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. ते अजून टोचतं.

लिहा तुमच्याही वाटा. पावसाळ्यातल्या नकोत, त्या सगळेच लिहितात.

कन्नडकर
पितळखोऱ्याची लेणी. घरचे नऊ जण, कोजागिरीच्या आदल्या दिवशी. पायऱ्या उतरून ओढा ओलांडला, पोरं हत्तींच्या रांगेकडं पळाली. आई गुडघ्यांमुळं सगळ्यांत मागं, म्हणून कड्याखालचं आग्यामोहोळ तिलाच दिसलं. पुतण्या तर सेंट मारून आलेला. ती ओरडली नाही, नुसत्या हातानं आम्हाला माघारी बोलावलं. गुपचूप फिरलो. पुढं चालणाऱ्या आम्हा आठ जणांपैकी एकानंही मान वर केली नव्हती!

तिथली यक्षाची मूर्ती आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास सोनार. दोन हजार वर्षं टिकलं ते नाव. तुमच्या मावशींचं वाचून म्हणूनच वाईट वाटलं ताई.

धारूरची लेक
आमच्या बालाघाटातलं सीताफळ खाऊन बघा एकदा!! बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, २०१६ चं. डोळे उघडले की उतरवायचं आणि धान्यात दोन दिवस ठेवायचं. फ्रिजमध्ये नका ठेवू, काळं पडतं. कुकर लावलाय, अनुभव रात्री लिहिते.

शाळेची घंटा
देवगिरी, सातवीची सहल, ४२ मुलं. किल्ल्यातल्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरायच्या आधी मोजली तर ४१. परत मोजली, ४१. हातपाय गार पडले. बाकीच्यांना सरांजवळ बसवलं आणि पळत मागं आले. मेंढा तोफेपाशी आमचं लेकरू उभं, मेंढ्याच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे भरलेले. "बाई, तुम्हीच म्हणला होता ना, चुकलो तर हाय तिथंच थांबायचं." जवळ घेतलं त्याला. माझंच चुकलं होतं, मी पुढं चालत होते. अंधारीत मग त्याचा हात सोडला नाही, वटवाघळांचा वास आला की तो माझा हात घट्ट धरायचा. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत मी शेवटून चालते.

नांदेडी
हळद्याला एसटी जाती का अजून? दिवाळीत पोरांना घेऊन यायलोय.

घाटमाथा
@नांदेडी दादा, गाडीनंच या, वाट घाटातल्या खिंडीतूनच वर चढते. पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या, ऑक्टोबरचं ऊन आहे ते. किल्ल्याच्या उत्तरेकडच्या कमानींपाशी नक्की बसा, खाली धरण आणि पार खानदेश दिसतो. दिवस हाताशी असला तर जंजाळ्याचं घटोत्कच लेणंही करा. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्याचा लेख आहे तिथं. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणंही त्याचंच. अजिंठ्याला रांगा लागतात आणि इथं आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

रानजाई ताई, मावशी साधारण किती वयाच्या होत्या? माझ्या सासूबाईंचं माहेर त्याच अंगाला आहे. उद्या विचारते.

रानजाई
पन्नाशीच्या असतील तेव्हा. डाव्या हातावर तुळशीचं गोंदण होतं. विचारा ना, खरंच विचारा.

नांदेडी
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कुसळं काढायला जुना कंगवा सोबत घ्या.

धारूरची लेक
आले. भांडी आवरली आणि लिहायला बसले, तर लेकानं गणिताची वही पुढं केली. पण कुसळांचं अगदी खरंय ताई, माझी माय पण टोकाकडूनच काढायची, गवतात जाऊन आलो की दारातच बसवून घ्यायची. उद्या लिहिते नक्की.