मटका म्हणून मोकळे होण्याआधी भाव कसा ठरतो ते बघा

गंगापूररोडकर:
काल इथे कोणीतरी लिहिलं, 'प्रेडिक्शन मार्केट (पुढे काय घडेल यावर सौदे करायचा बाजार) म्हणजे मोबाइलवरचा मटका, विषय संपला.' अहो, कसा संपला? मटक्याच्या आकड्याचा जगातल्या कशाशीच संबंध नसतो. इथे प्रश्न खरा असतो. समजा, 'डिसेंबरअखेर लासलगावला कांदा क्विंटलला २००० च्या वर असेल का?' 'हो' ठरलं तर सौद्याचे १०० रुपये, नाहीतर शून्य. आज 'हो' ३५ ला मिळतोय, म्हणजे बाजाराच्या मते शक्यता ३५ टक्के. ज्याने गावोगावच्या कांदाचाळीत सडलेला माल डोळ्यांनी पाहिलाय तो ३५ ला उचलतो आणि भाव ४५ वर जातो. त्याला जे ठाऊक होतं ते भावात उतरलं. अमेरिकेतलं आयोवा विद्यापीठ १९८८ पासून निवडणुकांवर असा बाजार चालवतंय. इथे चुकलं तर स्वतःचे पैसे जातात; टीव्हीवरच्या पंडिताचं चुकलं तर त्याच्या खिशातून काय जातं?

सातपूरवाला:
माझ्या भाच्याच्या खिशातून काय गेलं ते विचारा. 'हो-नाही'वर पैसे लावायच्या ओपिनियन ॲपवर 'पुढच्या षटकात दहा धावा होतील का' करत आधी पगार गेला, मग बहिणीच्या पाटल्या गहाण पडल्या. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ती दुकानं बंद झाली, फार बरं झालं.

गंगापूररोडकर:
ते बंद झालं ते योग्यच. पुढच्या षटकाबद्दल कोणालाच काही ठाऊक नसतं, मग भावात उतरणार काय? मी त्याची बाजू घेतच नाहीये.

निफाडकर:
कांद्याचं उदाहरण तुम्ही काढलंत, आता ऐका. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्यावर निर्यातबंदी लागली होती. आमचा ट्रॅक्टर आदल्या संध्याकाळी भरून उभा होता. त्या बंदीवर तुमचा सौदा असता तर दिल्लीत ज्याच्या टेबलावर फाइल होती त्याने गुपचूप 'हो' उचलला असता. चाळी बघणारा गेला असता बाराच्या भावात.

इंदिरानगर:
बंदी घातली नसती तर शहरातल्यांनी कांदा ऐंशी रुपयांनी घ्यायचा का?

निफाडकर:
ऐंशी झाला की बोंब मारता. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन-तीन रुपये किलोने गेला तेव्हा कुठे होतात? तेव्हा एकानेही जास्त दिले नाहीत.

इंदिरानगर:
आवाज खाली ठेवा. आम्हीही पगारावर जगतो.

देवळालीकर:
दोघंही थांबा. कांद्यावर पैसेवाल्यांनी खेळ केल्याचा दाखला आहे. १९५५ मध्ये शिकागोत कोसुगा आणि सीगल या दोघांनी कांदा कोंडला, मग भाव पडला की फायदा होईल असे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) विकून सगळा साठा बाजारात ओतला. मार्च १९५६ ला पोतं १० सेंटवर आलं, कांद्यापेक्षा बारदान महाग! १९५८ मध्ये तिथे कांद्याचे वायदे कायद्यानेच बंद झाले, आजही बंद आहेत.

निफाडकर:
हेच म्हणतोय. आणि बाजाराला कळतं तरी किती? २०२४ च्या लोकसभेला राजस्थानातल्या फलोदीचा सट्टाबाजार भाजपला ३०० च्या आसपास देत होता, आल्या २४०. आमच्या कांद्याच्या पट्ट्यात, दिंडोरीत, केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. कांद्याचा राग आमच्या पारावर कोणीही सांगितला असता.

गंगापूररोडकर:
मग माझंच म्हणणं झालं की! पारावरची माणसं त्या बाजारात नव्हती, म्हणून भाव चुकला.

निफाडकर:
नसणारच. लावायला पैसे कुठून आणणार? ज्याचा खिसा मोठा त्याचंच मत भावात दिसतं.

गंगापूररोडकर:
म्हणून तर आयोवात एका माणसाला ५०० डॉलरच्या वर गुंतवता येत नाही. फाइल हाताळणाऱ्यांना सौदा करायला बंदी हवी, हे मान्य.

निफाडकर:
मर्यादेचं ठीक आहे, एवढं देतो तुम्हाला. फाइलवाल्याच्या बंदीचं सांगू नका, तो मेव्हण्याच्या नावाने घेईल. सरकारच्या निर्णयावर सौदा नकोच.

सातपूरवाला:
मर्यादा पाचशेची असो की पन्नासची, भाच्याच्या फोनमध्ये मी ते येऊ देणार नाही. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.