प्रतिसाद: आयटीटी टेक एका रात्रीत बुडालं नाही

आयटीटी टेक ही अमेरिकेतली नफ्यासाठी चालणारी कॉलेजांची साखळी. ती 'एका रात्रीत बंद पडली' असं वरच्या पोस्टमध्ये आलंय. टाळं 6 सप्टेंबर 2016 ला लागलं हे खरं, पण नाड्या आधीच आवळल्या होत्या. 25 ऑगस्टला अमेरिकी शिक्षण खात्यानं सरकारी कर्जावर नवे प्रवेश घ्यायला मनाई केली, वर सुमारे 24.7 कोटी डॉलर तारण मागितलं. बराचसा डोलारा अशा सरकारी पैशावरच. मग उरलं काय?

विद्यार्थ्यांची खरी गोची क्रेडिटमध्ये, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांच्या श्रेयांकात. बंद पडताना शिकत असलेल्यांना, किंवा आधीच्या 120 दिवसांत सोडलेल्यांना, कर्जमाफी होती. पण तीच क्रेडिट दुसरीकडे नेऊन तसलाच कोर्स पुरा केला, की माफी हुकली. त्यातून बरीच कॉलेजं ती क्रेडिट धरतच नव्हती! ऑगस्ट 2022 मध्ये मात्र 2,08,000 जणांचं मिळून 390 कोटी डॉलर कर्ज माफ करायचं ठरलं.