हळदीच्या पट्टीचे फंक्शन चूक नीट का सांगत नाही?

प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी मी हळदीच्या सौद्यांची पट्टी काढणारा छोटा प्रोग्रॅम हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला आहे. दिवाणजी पोती, वजन आणि क्विंटलचा दर एका फाइलीत भरतात व फंक्शन त्यावरून शेतकऱ्याची रक्कम काढते. आधी मी मजकुरातून आकडा वाचणारे 'रीडमेबी' वापरत होतो. पण चुकीच्या ओळीला ते नुसते 'नथिंग' (काहीच नाही) देत असल्यामुळे चूक कोणत्या रकान्यात आहे हे कळत नसे, म्हणून 'ईदर' (बरोबर उत्तर किंवा चूक यांपैकी एक देणारा प्रकार) घेऊन चूक ठेवण्याच्या त्याच्या बाजूत, म्हणजे 'लेफ्ट'मध्ये, 'वजन चुकीचे आहे' असा मजकूर घातला. आता एक चूक दुरुस्त केल्यावरच पुढची दिसते, आणि चार चुकांसाठी दिवाणजींना प्रोग्रॅम चार वेळा चालवावा लागतो. शिवाय 'वजन ५०' असे स्वच्छ लिहिलेले असूनही काही ओळी नाकारल्या जातात.

उत्तर १

नाकारलेल्या ओळींत अंक देवनागरीत असणार. मजकुरातून आकडा वाचणारे हॅस्केलचे 'रीड' केवळ इंग्रजी अंक ओळखते. अक्षर अंक आहे का हे तपासणारे 'इजनंबर' मात्र देवनागरी ५ ला होकार देते, त्यामुळे त्यावर विसंबून पुढे अंकाची किंमत काढणारे 'डिजिटटूइंट' वापरल्यास प्रोग्रॅम बंद पडतो आणि संदेशात ५ ऐवजी त्याचा संकेतांक (संगणकातील त्या अक्षराचा क्रमांक) २४११ दिसतो, ज्यातून दिवाणजींना काय बोध व्हावा? देवनागरी अंकांचे संकेतांक २४०६ ते २४१५ असे सलग आहेत. वाचण्यापूर्वीच २४०६ वजा करून त्यांची किंमत काढावी. दिवाणजींना इतक्या वर्षांची लिहिण्याची सवय मोडायला सांगण्यापेक्षा हे सोपे.

उत्तर २

'ईदर' हा मोनॅड, म्हणजे पायऱ्या एकामागून एक जोडणारी रचना, आहे. त्यात पुढची पायरी मागच्या पायरीच्या मूल्यावर अवलंबून असू शकते, म्हणून पहिल्या 'लेफ्ट'पाशी थांबणे त्याला भाग असते. त्याचे ॲप्लिकेटिव्ह (स्वतंत्र पायऱ्या एकत्र जोडणारे) रूपही मोनॅडशी सुसंगत राहावे लागत असल्याने तेथेही चुका साठत नाहीत. वजन आणि दर यांची तपासणी मात्र एकमेकांवर मुळीच अवलंबून नाही. अशा ठिकाणी 'व्हॅलिडेशन' हा प्रकार घ्यावा, जो मुद्दाम मोनॅड केलेला नाही आणि सर्व चुका एकत्र जोडून देतो. स्काला या दुसऱ्या भाषेच्या कॅट्स लायब्ररीतील 'व्हॅलिडेटेड' हेच काम करते. पोत्यांच्या मानाने वजन पटते का, ही तपासणी दोन्ही आकडे वाचता आल्यावरच करता येते. ती 'ईदर'मध्येच ठेवावी.

माझा खरा आक्षेप 'लेफ्ट'मधील मजकुरावर आहे. तेथे वाक्य न ठेवता ओळ, रकाना, मिळालेले मूल्य आणि अपेक्षा असे घटक असलेला, चुकीसाठीचा स्वतंत्र प्रकार ठेवावा, व मराठी वाक्य अगदी शेवटी, छापताना तयार करावे: 'ओळ १७, वजन: येथे "पन्नास" असे लिहिले आहे, शून्याहून मोठा आकडा किलोमध्ये हवा.'

प्रश्नकर्ता

दोन्ही बदल केले. चुका एकदम मिळतात, परंतु 'ओळ' या शब्दाच्या जागी २३२३ आणि २३५५ असे आकडे तिरप्या रेघांसह छापले जातात.

उत्तर १

आपण 'प्रिंट' वापरत आहात. ते मूल्याचा मजकूर करणाऱ्या 'शो'मार्फत जाते आणि 'शो' इंग्रजीबाहेरच्या अक्षरांचे संकेतांक करते. तयार वाक्य मजकूर जसाच्या तसा छापणाऱ्या 'पुटस्ट्रएलएन'ने छापावे. विंडोजवर तरीही अडल्यास आउटपुटचे एन्कोडिंग (अक्षरे बाइट्समध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठरवून द्यावे. वाक्यात मिळालेले मूल्य जोडतानाही 'शो' लावू नका, नाहीतर नेमका 'पन्नास' तेवढा आकड्यांत दिसेल.