ओम्नीच्या टपावर घरच्या घरी कॅरिअर बनवायचंय, पाइप कोणता घेऊ?

बाबांची जुनी ओम्नी आहे, मे महिन्यात सगळे गावी गुहागरला जाणार, सात माणसं बसली की बॅगा ठेवायला जागाच उरत नाही. वेल्डिंग मला येतं. ५ बाय ४ फुटाचं करतोय. टपाला भोकं पाडायची नाहीयेत.

उत्तर १
भोकं अजिबात नको भाऊ, पहिल्याच पावसात गळायला लागेल. ओम्नीला टपाच्या कडेने पन्हळ आहे ना, त्यातच क्लॅम्प बसतो, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाल म्हणजे रंग खरवडत नाही. १ इंची चौकोनी पाइप १६ गेजचा (म्हणजे साधारण १.६ मिमी जाडीच्या पत्र्याचा) घे, दोन लांब आणि पाच आडव्या पट्ट्या धरल्या तर ३० फूट लागतो, वजन साधारण ११ किलो. जाड घेऊ नको, उगाच टपावर भार.

उत्तर २
पाइपची तोंडं बंद कर आणि खालच्या बाजूने छोटी भोकं ठेव, माझ्या पहिल्या कॅरिअरमध्ये पाणी साठून तो आतून गंजला, बाहेरून रंग एकदम चकाचक, बोट दाबलं तर आत गेलं! कोकणातली हवा लोखंडाला सोडत नाही, रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या प्रायमरचे) दोन हात मारच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढ, मोकळ्या हवेत वेल्ड कर, तो धूर फार वाईट.

प्रश्नकर्ता
थँक्यू दादा, भोकांचं डोक्यातच नव्हतं. टपावर फक्त गाद्या आणि कपड्यांच्या बॅगा ठेवणार, जड सामान खालीच.

उत्तर १
बरोबर. आणि कुंभार्ली घाट उतरायच्या आधी थांबून क्लॅम्पचे नट एकदा आवळ.