अनुभव धागा : टॉन्सिल्स काढावेत की ठेवावेत?

गिरगावकर : पाऊस सुरू होताच भाच्याचा घसा पुन्हा धरला आणि डॉक्टरांनी या वेळी शस्त्रक्रियेचा विषय काढला, तेव्हा माझे टॉन्सिल्स काढले होते ते दिवस आठवले. त्या काळी घसा दोन-चारदा सुजला की टॉन्सिल्स काढून टाकत. आता मात्र एका वर्षात 7 वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी 5 वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी 3 वेळा त्रास झाला असेल, तरच तसा विचार करतात असे समजले. आपले अनुभव जरूर लिहावेत.

डोंबिवलीकर : प्रत्येक दुखण्याची तारीख, ताप आणि औषध वहीत लिहून ठेवावे. आमच्या कन्येची वही पाहूनच डॉक्टरांनी थांबायला सांगितले आणि वयाबरोबर तिचा त्रास आपोआप कमी झाला.

पार्लेकरीण : बहुतेक वेळा हे दुखणे विषाणूंमुळे होते आणि त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नसतो, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल आणि विश्रांती पुरते. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू आढळले, तर मात्र डॉक्टरांनी दिलेला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा कोर्स, जो बहुधा 10 दिवसांचा असतो, ताप उतरला तरी पूर्ण करावा. माझ्या आत्याच्या हृदयाची झडप लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने (या जिवाणूंच्या घसादुखीवर नीट उपचार न झाल्यास नंतर येऊ शकणारा आजार) खराब झाली, म्हणून याबाबतीत मी फार कडक आहे.

माहीमची सून : शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मुलाला आईस्क्रीम खाण्याची परवानगी दिली, तेव्हा हळदीच्या दुधाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंनी डॉक्टरांच्या पदवीवरच शंका घेतली!

जलद लोकल : मी तिशीत शस्त्रक्रिया करून घेतली. मोठ्यांना वेदना अधिक होतात, कानही ठणकतात आणि घशात पांढरा थर दिसतो, पण तो जखम भरत असल्याचाच भाग असतो. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान रक्तस्रावाची शक्यता असल्यामुळे लोकलच्या गर्दीत शिरण्याची घाई करू नये, आणि तोंडातून ताजे रक्त आले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गिरगावकर : सर्वांचे आभार. भाचा रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडल्यासारखा दचकतो, असे बहीण आज सहज बोलून गेली.

डोंबिवलीकर : मग केवळ आकडे मोजत बसू नका. वाढलेल्या टॉन्सिल्समुळे झोपेत श्वास अडत असेल, तर घसा वारंवार दुखत नसला तरी शस्त्रक्रिया सुचवतात. तो झोपलेला असताना मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवायला ताईंना सांगा.