मदत हवी आहे : शोभेचे कॅलँचो माळावर पसरण्यापूर्वी कसे काढावे?

नमस्कार. सोलापुरात नान्नजच्या बाजूला आमच्या वसाहतीच्या कुंपणालगत शोभेसाठी लावलेले कॅलँचो डेलागोएन्सिस, म्हणजे पानफुटीच्याच जातकुळीतील नळीसारख्या ठिपकेदार पानांचे मांसल झुडूप, आता भिंतीबाहेरच्या मुरमाड माळावर उगवू लागले आहे. मूळ मादागास्करच्या या वनस्पतीच्या प्रत्येक पानाच्या टोकाला इवली रोपे येतात, ती गळून पडताच मुळे धरतात, आणि कमी पाण्यावर तगण्याची तिची क्षमता पाहता आपला कोरडा माळ तिला मानवेल, अशी मला मनापासून भीती वाटते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ती उपद्रवी तण ठरली असून, ती खाल्ल्याने तेथे गुरे दगावली आहेत. विशेषतः तिची फुले हृदयावर परिणाम करणारी विषारी असतात. आमच्याकडे तर मेंढ्या रोज याच माळावर चरतात, आणि माळढोकासाठी राखलेले गवताळ क्षेत्रही याच परिसरात आहे.

सोलापूर, मोहोळ किंवा बार्शी भागात ही वनस्पती बागेबाहेर पसरलेली कोणी पाहिली आहे का? उपटलेली झाडे कंपोस्टमध्ये टाकता येणार नाहीत, हे उघड आहे. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवल्यास पानांवरची रोपे पूर्ण मरतात का, आणि फुलोऱ्यापूर्वी वन विभागाला कळवणे योग्य ठरेल का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.