कथेतले संवाद जमेनात, पुस्तक किंवा ॲप सुचवा (बजेट ५०० रुपये)

सायली_लिहिते: दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. पहिला खर्डा झालाय, पण नुसता पसारा. दोन भाऊ गावचं घर विकायचं ठरवतायत आणि दोघं एकाच तोंडाने बोलल्यासारखे वाटतात. नमुना: 'दादा, तुला ठाऊकच आहे, बाबा गेल्यावर घर आपल्या दोघांच्या नावावर झालं.' पाचशेच्या आत काय घेऊ?

कोकणी_खवट: स्क्रिव्हनर, लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर. प्रसंग हवे तसे मागेपुढे सरकवता येतात. पैसा वसूल.

नाना_ठाणे: अहो, ते चार-पाच हजारांच्या घरात जातं! गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप होतं, फुकट. दोन्ही भाऊ स्वतः बोला, खोटं वाक्य तोंडातच अडखळतं. विरामचिन्हं मागाहून घाला.

मेघदूत७७: आधी अंकवाल्यांना युनिकोड (फोन-संगणकावरचं नेहमीचं मराठी टायपिंग) चालतं का विचारा. माझी कथा श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टात नेताना जोडाक्षरांची पार वाट लागली. तशीच छापली! मानधनाचं तर नावच नको.

वऱ्हाडी_ठेचा: गावचे भाऊ पुणेरी काऊन बोलतेत? बोलीत लिहा ना बाप्पा.

कोकणी_खवट: दर वाक्याला 'बाप्पा' जोडलं की बोली होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: तुमाले कोन विचारलं?

पाटीपेन्सिल: दादाला जे ठाऊक आहे ते धाकटा त्याला कशाला सांगेल? ती माहिती वाचकासाठी आहे, म्हणून खोटी वाटते. असं करून बघा:
'यंदाची घरपट्टी भरलीस?'
'आज बरी आठवण झाली.'
कोण तिथे राबतो आणि कोण लांबून हिशेब मागतो ते आलं. विचारलं त्याचं सरळ उत्तर देऊ नका, माणसं देत नाहीत. आणि 'तो संतापून उद्गारला' वगैरे उडवा, 'म्हणाला' पुरे. पण हे सगळं दुसऱ्या खर्ड्यात. पहिला आधी शेवटापर्यंत न्या.

नाना_ठाणे: तेच सांगतोय मघापासून, मोठ्याने वाचा.

मेघदूत७७: मानधन कुणाला मिळालंय का हल्ली?

सायली_लिहिते: आभार सगळ्यांचे. घरपट्टी उचलली, उत्तर नाही घेतलं. दादाचे संवाद सगळेच कापले, आता तो कथाभर बोलतच नाही. पाचशेत एक जाड रजिस्टर आणि पेनं आणली. हातानेच लिहिणार.

कोकणी_खवट: मग धागा काढलात कशाला? स्क्रिव्हनरवर अधूनमधून सवलत असते, बघून ठेवा.